शेवळांबरोबर काकडं कशासाठी?

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ठाणे स्टेशनबाहेर आणि जांभळी नाक्यावर मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसतात. टोपलीत जांभळट तपकिरी शेवळांच्या जुड्या असतात आणि शेजारी बोराएवढ्या हिरव्या काकडांचे, म्हणजे काकड या रानझाडाच्या आंबट फळांचे, वाटे. नवखं गिऱ्हाईक शेवळं उचलतं नि ‘काकडं राहू दे’ म्हणतं. मावशी बहुधा ऐकत नाहीत, काकडं पिशवीत टाकतातच.

शेवळ हा सुरणाच्या रानटी भाऊबंदाचा फुलोरा. पान यायच्या आधी, पहिल्या सरींच्या आसपास तो जमिनीतून वर येतो. त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेही जुड्या बांधून ठेवल्यासारखे. नीट न शिजलेलं शेवळ चावलं की त्या सुया जिभेत आणि घशात रुततात, आणि त्यांच्यासोबतची प्रथिनं आग आणखी वाढवतात. हे स्फटिक पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत, त्यामुळे शेवळं दहा पाण्यांनी धुतली तरी उपयोग शून्य. आंबट रसात ते थोडे जास्त विरघळतात, आणि भरपूर शिजवलं की प्रथिनांचा जोर मोडतो. काकड, चिंच, आमसूल हे सगळं त्यासाठी. चवीला छान लागतं, हा वरचा नफा.

दोन जुड्या म्हणजे साधारण वीस शेवळं. त्यांना 10-12 काकडं लागतात. आधी हाताला तेल चोळा. बाहेरची राठ पात सोलून टाका. आतल्या दांड्याच्या खालच्या भागात पिवळट, दाणेदार पट्टा दिसतो, ती याची खरी फुलं. सगळ्यात जास्त खाजतं ते इथेच, असा सुगरणींचा अनुभव आहे. तेव्हा हा भाग हात आखडता न घेता कापून टाकावा. उरलेलं बारीक चिरायचं. काकडं उकडून, बिया काढून, कुस्करून रस गाळून घ्यायचा. तेलावर कांदा परतून त्यात शेवळं घाला आणि ती आळून निम्मी होईपर्यंत परता. मग काकडांचा सगळा रस आणि दोन-तीन चमचे चिंचेचा कोळ घालून, झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास. मीठ, मसाला, ओलं खोबरं त्यानंतर. सीकेपी घरांत कोळंबी पडते ती अगदी शेवटी, नाहीतर अर्ध्या तासात तिचं रबर होतं.

बिघडतं ते दोन ठिकाणी. कोणी आंबट रस चवीपुरता शेवटी घालतं, म्हणजे त्याला काम करायला वेळच मिळत नाही. कोणी कुकरची एक शिट्टी काढून मोकळं होतं. वाढण्याआधी शिजलेला कण जिभेच्या टोकाला लावून दोन-तीन मिनिटं थांबा. चुरचुरलं तर आणखी कोळ घालून दहा मिनिटं शिजवा. खाल्ल्यावर घसा थोडा खवखवला तर थंड दूध किंवा दही घेतल्याने बरं वाटतं. पण जीभ सुजली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला तर घरगुती उपाय करत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. मुतखड्याची तक्रार असलेल्यांनी शेवळांच्या वाटेला न गेलेलंच बरं.

वास्त्यांचं, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांचं, तंत्र याच्या अगदी उलट. इथे झाकण नको. कोंबात टॅक्सिफायलिन नावाचं कडू द्रव्य असतं. कोंब चिरला, पेशी फुटल्या की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटायला लागतं. ऐकायला भयंकर वाटतं, पण हे विष साधारण 26 अंश सेल्सिअसलाच उकळतं, म्हणजे वाफेबरोबर उडून जातं. फक्त त्याला बाहेर जायला वाट हवी. म्हणून वास्ते पातळ चिरून रात्रभर पाण्यात ठेवायचे, सकाळी ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात उघड्या पातेल्यात 20-30 मिनिटं उकळायचे आणि तेही पाणी फेकायचं. अख्खा कोंब उकळला तर मधला गाभा तसाच राहतो. शिजल्यावरही कडवट लागला तर पुन्हा एकदा पाणी बदलून उकळा.

टाकळ्याला एवढा खटाटोप लागत नाही. जून-जुलैत कोवळी पानं खुडायची, फुलं आली की तो जून आणि कडू होतो. त्यातली अँथ्राक्विनोन गटातली द्रव्यं पोट साफ करतात, त्यामुळे जुलाब होत असताना किंवा गरोदरपणात टाळावा. याचं संस्कृत नाव चक्रमर्द. गजकर्णाचं गोल चक्र मोडणारा तो चक्रमर्द, आणि त्यासाठी ताकात वाटलेल्या बियांचा लेप लावायची जुनी रीत आहे. घोटाळा होतो तो कासविंद्याशी. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या तीनच जोड्या असतात, टोकाकडे रुंद आणि गोलसर. कासविंद्याला चार ते सहा जोड्या, टोकं अणकुचीदार. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना होणारा, मेंदूज्वर समजला गेलेला एक जीवघेणा आजार कासविंद्याच्या बिया खाल्ल्याने होतो, असं तपासात निघालं. म्हणून पर्णिका मोजायला आळस नको.

औषधी म्हणून रानातल्या कुड्याचा मान मोठा. आमांशावरच्या कुटजारिष्टात जाते ती पांढऱ्या कुड्याची साल, तिच्यातल्या कोनेसीन या अल्कलॉइडसाठी. पण बाजारात काळ्या कुड्याची सालही त्याच नावाने खपते, आणि सुकलेल्या सालीवरून भल्याभल्यांना फरक कळत नाही. म्हणून सालीचा काढा घरी करण्यात अर्थ नाही. कुड्याच्या फुलांची भाजी मात्र खुशाल करावी.

आता कळलावी. पावसाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या उतारांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं दिसतात ती हिची. जमिनीतला कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा, म्हणून संस्कृतात लांगली. हा कंद रताळं किंवा करांदा समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. यात कोल्चिसीन असतं आणि ते उकळून मोडत नाही. शेवळाची किंवा वास्त्याची युक्ती इथे लागू पडत नाही. सुरुवातीला नुसत्या उलट्या-जुलाब होतात, काही तासांनी, त्यामुळे ‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणून वेळ जातो. ओळख पानावरून पटते: कळलावीच्या पानाचं टोक तणाव्यासारखं वळून आधाराला धरतं. फुलं नसतानाही ही खूण दिसते.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथून पानसुद्धा खुडणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. नवी मुंबईत औद्योगिक पट्ट्यातल्या नाल्यांकाठी टाकळा माजलेला दिसतो, पण मुळांतून पानात चढलेलं शिसं धुऊन जात नाही. तेव्हा भाजी मावशींकडूनच घ्यावी, ‘कुठल्या रानातली?’ एवढं विचारून. आणि काकडांना नाही म्हणू नये.