कोलाच्या तोंडाशी फितूर झालेलं पाणी

दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४१ ते मे १९४५ या काळात ब्रिटन आणि आइसलँडहून सोव्हिएत संघाच्या मुर्मान्स्क आणि अर्खान्गेल्स्क या उत्तरेकडच्या बंदरांकडे रणगाडे, विमानं, मालमोटारी भरलेले काफिले जात आणि रिकामी जहाजं परत येत. येते-जाते धरून ७८ काफिले झाले, ८५ व्यापारी जहाजं बुडाली. त्यातल्या जुलै १९४२च्या पीक्यू-१७ काफिल्याबद्दल बहुतेकांनी वाचलेलं असतं. ‘टिर्पिट्झ’ ही जर्मन युद्धनौका बाहेर पडल्याच्या धास्तीनं लंडनहून पांगण्याचा हुकूम आला आणि काफिल्यातल्या ३५ पैकी २४ जहाजांची, त्यातल्या बहुतेकांची सुटी पडल्यावर, शिकार झाली. पण पाणबुडीविरुद्धची खरी झुंज समजून घ्यायची तर १९४४-४५ची दोन वर्षं पाहावीत.

जर्मनांची नेहमीची टाइप ७सी पाणबुडी पाण्यावर १७ नॉट (तासाला १७ सागरी मैल) वेगानं धावे. पाण्याखाली बॅटरीवर जेमतेम साडेसात नॉट, तेही थोडाच वेळ. ४ नॉटनं सावकाश चालवली तर बॅटरी ८० सागरी मैल पुरे. काफिल्याचा वेग ८ ते १० नॉट. म्हणजे पाणबुडीला बुडी मारायला लावलं की ती आपोआप मागे पडते. तिचा नाश झालाच पाहिजे असं नाही. लहान विमानवाहू नौका सोबत ठेवल्या त्या यासाठीच. त्यांवरची स्वोर्डफिश ही उघड्या कॉकपिटची, कापडी आवरणाची दुपंखी विमानं तेव्हाही जुनाट वाटत, पण रडार आणि रॉकेटं लावल्यावर ती भलतीच कामाची ठरली. रॉकेटच्या टोकाला सुमारे ११ किलोचा भरीव पोलादी ठोकळा असे, स्फोटक नव्हे. तो पाणबुडीचं कवच भेदून जाई. मार्च १९४४मध्ये परतीच्या आरए-५७ काफिल्याबरोबरच्या ‘चेसर’वरच्या स्वोर्डफिशांनी ४ ते ६ तारखेदरम्यान तीन पाणबुड्या टिपल्या, पहिलीच्या वेळी एका विनाशिकेचीही मदत झाली.

याला जर्मनांचं उत्तर सरळ होतं: पाठलागच करायचा नाही. मुर्मान्स्कला जायचं तर कोला खाडीच्या अरुंद तोंडातून जावंच लागतं. तिथं बुडी मारून बसायचं. १९४४च्या उत्तरार्धात पाण्याखालून हवा ओढणारी श्नॉर्केल नळी आल्यावर बॅटरी भरायलाही वर यायची गरज उरली नाही. आता भिस्त एकट्या अ‍ॅस्डिकवर, म्हणजे ध्वनीचा ठोका सोडून प्रतिध्वनी ऐकणाऱ्या यंत्रावर. आणि नेमकं तिथलं पाणी फितूर.

समुद्रात ध्वनी शून्य अंश तापमानाला सेकंदाला सुमारे १,४४९ मीटर जातो. तापमान एक अंशानं वाढलं की वेग साधारण साडेचार मीटरनं वाढतो, क्षारता वाढली तरी थोडा वाढतो. कोलाजवळ वर नद्यांचं आणि वितळलेल्या बर्फाचं थंड, कमी खारं पाणी, तर खाली अटलांटिकहून आलेलं उबदार, खारं पाणी. दोन्हींत चार अंशांचा आणि थोडा क्षारतेचा फरक धरला तर वेगात सव्वा टक्क्याच्या आसपास तफावत पडते. ऐकायला किरकोळ, पण ध्वनी नेहमी मंद वेगाच्या बाजूला वळतो. हिशेब मांडला तर आडव्यापासून सुमारे ९ अंशांहून कमी कलानं खाली निघालेला ध्वनिकिरण या दोन थरांच्या सीमेवरूनच वर वळतो. अ‍ॅस्डिकचा झोत जवळपास आडवाच सोडलेला, त्यामुळे त्यातला बराचसा वरच्या थरातच कोंडला जातो. जो खाली उतरतो तो पसरून क्षीण होतो. थराखालच्या पाणबुडीला सुरक्षा-नौकांच्या पंख्यांची घरघर अधूनमधून ऐकू येते, पण तिचा प्रतिध्वनी मात्र वर पोचत नाही. त्यात खडकाळ तळ आणि माशांचे थवे खोटे प्रतिध्वनी देणार.

सापडली तरी डेप्थ चार्जची, म्हणजे ठरावीक खोलीवर फुटणाऱ्या स्फोटकाच्या पिंपाची, पंचाईत वेगळीच. शेवटच्या १८० मीटरांत पाणबुडी झोताखाली जाते आणि संपर्क तुटतो. १५ नॉटनं तेवढं अंतर तोडायला २३-२४ सेकंद, पिंप १०० मीटर खोल बुडायला आणखी निदान ३३. या मिनिटभरात ४ नॉटनं सरकणारी पाणबुडी शंभराहून अधिक मीटर निसटते. आणि १३० किलो स्फोटकाच्या पिंपानं कवच फुटायचं तर ते सहाएक मीटरांत फुटावं लागतं! म्हणून हेजहॉग आलं. ते संपर्क असतानाच सुमारे २०० मीटर पुढे २४ लहान बाँब फेकी. बाँब आदळला तरच फुटे, त्यामुळे नेम चुकला तरी पाणी ढवळून प्रतिध्वनी गमावत नसे. थंडीत मात्र उडणाऱ्या तुषारांचं बर्फ फेकयंत्रांवर आणि पिंपांच्या रुळांवर साचे. वाफेच्या नळ्या आणि कुऱ्हाडी घेऊन ते सतत फोडावं लागे, नाहीतर वरच्या वजनानं नौका कलंडायची भीती.

जहाजाच्या पंख्याच्या आवाजावर जाणारे जर्मन टॉर्पेडो सप्टेंबर १९४३पासून आले. उपाय म्हणून मागे खडखडणाऱ्या लोखंडी नळ्या ओढत, पण त्या गोंगाटानं स्वतःचंच अ‍ॅस्डिक बहिरं होई. २५ फेब्रुवारी १९४४ला जेडब्ल्यू-५७ काफिल्याची विनाशिका ‘महरट्टा’ (नाव मराठ्यांवरूनच ठेवलेलं) अशाच टॉर्पेडोनं काही मिनिटांत बुडाली. दोनशेहून अधिक खलाशी गेले. काफिल्याची ४२ व्यापारी जहाजं मात्र सुखरूप पोचली. बुडत्या नौकेवर आणखी एक धोका असे. पिंपांची खोलीची कळ ‘सुरक्षित’वर फिरवायची राहिली तर ती ठरल्या खोलीवर फुटत आणि पाण्यात पोहणारे आपलेच लोक मरत.

१७ फेब्रुवारी १९४५ला कोलाच्या तोंडाशी ‘लार्क’ आणि ‘अ‍ॅलनिक कॅसल’ या सुरक्षा-नौकांनी यू-४२५ ही पाणबुडी बुडवली. त्याच दिवशी ‘लार्क’चा मागचा भाग टॉर्पेडोनं उडाला, ‘थॉमस स्कॉट’ हे मालवाहू जहाज गेलं आणि ‘ब्लूबेल’ ही कॉर्व्हेट (लहान सुरक्षा-नौका) फुटून तिच्यावरचा एकच जण वाचला. शेवटी एप्रिलमध्ये तिथं खोलवर पाणसुरुंग पेरले गेले. जहाजं वरून बिनधोक जातील, बुडी मारलेली पाणबुडी मात्र धडकेल इतकी ती खोली. शिवाय आरए-६६ निघण्याआधी सुरक्षा-नौका पुढे पाठवून वाट झाडून घेतली. २९ एप्रिलला यू-३०७ आणि यू-२८६ बुडाल्या, ‘गुडॉल’ ही फ्रिगेट (सुरक्षा-नौका) ही गेली. व्यापारी जहाज एकही गेलं नाही.