हिमचादरींचा जमाखर्च

हिमचादरीवर (अंटार्क्टिका व ग्रीनलंड झाकणाऱ्या बर्फाच्या अफाट थरावर) किंवा हिमनदीवर वर्षभरात पडलेला हिम ही जमा. वितळून वाहून गेलेले पाणी, तुटून गेलेले हिमनग आणि समुद्राने खालून झिजवलेला बर्फ हा खर्च. या दोहोंतील फरकाला वस्तुमान संतुलन म्हणतात. जमिनीवरचा सुमारे ३६० गिगाटन (१ गिगाटन म्हणजे १०० कोटी टन) बर्फ समुद्रात गेला की जगाची समुद्रपातळी १ मिमी.ने वाढते. अंटार्क्टिकावर सुमारे ५८ मी. आणि ग्रीनलंडवर ७ मी.हून थोडी अधिक वाढ होईल इतका बर्फ साठलेला आहे.

लहान हिमनदीवर अजूनही काठ्याच कामी येतात. वाफेच्या ड्रिलने बर्फात कित्येक मीटर खोल भोक पाडून त्यात काठी उभी करतात आणि उन्हाळा संपताना उघडा पडलेला भाग मोजतात. काठी २ मी. उघडी पडली, तर बर्फाची घनता ९०० किग्रॅ. प्रति घनमीटर धरून १.८ मी. पाण्याइतका बर्फ गेला असा हिशोब होतो. काठी भोकात खाली धसली तर वितळण कमी भासते. धातूची काठी उन्हाने तापून बर्फात आणखी धसते, म्हणून तिचे बूड बंद करून घेतात. भोक उथळ असेल तर काठी हंगामाआधीच आडवी पडते आणि त्या जागेची वर्षाची नोंद बुडते.

लाखो चौरस किलोमीटरच्या हिमचादरीवर काठ्या पुरत नाहीत. तिथे उपग्रह लागतात. २०१८ साली सोडलेला आइससॅट-२ हिरव्या लेसरचे सेकंदाला १०,००० झोत टाकून पृष्ठभागाची उंची मोजतो. पण उंची म्हणजे वजन नव्हे. पृष्ठभाग १० सेंमी. खचला, तर गेलेला थर भुसभुशीत हिमाचा होता की घट्ट बर्फाचा, यावर उत्तर तिपटीने बदलू शकते. काहीच न जाता हिम नुसता दबलेलाही असू शकतो. लेसरऐवजी रडारने उंची मोजणाऱ्या उपग्रहांची अडचण वेगळी: रडारच्या लहरी कोरड्या हिमात शिरतात. जुलै २०१२ मध्ये ग्रीनलंडचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग वितळला आणि पुन्हा गोठला. त्या कठीण थरावरून लहरी वरच्या वरच परतू लागल्या आणि आतल्या भागात पृष्ठभाग उंचावल्याचा आभास झाला.

ग्रेस मोहिमेने (२००२–२०१७) थेट वजनच केले. सुमारे २२० किमी. अंतराने धावणाऱ्या दोन उपग्रहांमधील अंतर मायक्रोमीटरच्या पातळीवर मोजून गुरुत्वातील फरक काढले. २०१८ पासून तिची उत्तराधिकारी मोहीम हेच करते. इथे घनतेचा प्रश्न येत नाही. मात्र सुमारे ३०० किमी.पेक्षा बारीक तपशील दिसत नाही आणि हिमयुगातील ओझे उतरल्यावर अजून वर येणाऱ्या भूकवचाचे वजनही त्यात मिसळते. अंटार्क्टिकात ही दुरुस्ती फार जड पडते.

तिसरी पद्धत जमेतून खर्च वजा करण्याची. अंटार्क्टिकाची वर्षाची जमा २,००० गिगाटनांहून अधिक आहे, त्यामुळे हिमवृष्टीच्या अंदाजात ५ टक्के चूक झाली तरी १०० गिगाटन इकडचे तिकडे होतात. म्हणून तिन्ही पद्धती शेजारी ठेवूनच आकडा काढणे बरे. अशा एकत्रित हिशोबानुसार १९९२ ते २०२० या काळात दोन्ही हिमचादरींनी मिळून सुमारे ७,५६० गिगाटन बर्फ गमावला. त्यातला जवळपास दोन-तृतीयांश ग्रीनलंडचा.

हिमचादरींचे पुढे काय होईल याचा अंदाज संगणकी मॉडेलने काढतात. त्यात बर्फ हा अतिशय घट्ट द्रव मानतात. बर्फाच्या प्रवाहाच्या ग्लेनच्या नियमानुसार ताण दुप्पट झाला की विरूपणाचा (आकार बदलण्याचा) वेग साधारण आठपट होतो. खरी अडचण तळाशी आहे. तिथले घर्षण सर्वत्र मोजता येत नाही, म्हणून पृष्ठभागाच्या मोजलेल्या वेगावरून उलट गणित करून ते बसवतात. बर्फाच्या तापमानातली किंवा तळाच्या नकाशातली चूकही मग घर्षणाच्या नावाखाली दडते: आजचा वेग तंतोतंत जुळतो आणि पुढचा अंदाज भरकटतो. बर्फ जमीन सोडून तरंगू लागतो त्या रेषेपाशी मॉडेलच्या जाळीची घरे (हिशोबासाठी पाडलेले चौकोन) साधारण १ किमी. किंवा त्याहून लहान लागतात. ती मोठी ठेवली, तर मॉडेलमधली रेषा एका जागी अडकते किंवा भलत्याच वेगाने सरकते. पश्चिम अंटार्क्टिकातील थ्वेट्स हिमनदीखालची जमीन आतल्या दिशेने खोल होत जाते, त्यामुळे तिथे ही चूक सर्वांत महागात पडते. हिमनग केव्हा तुटेल याचा सर्वमान्य नियम तर अजून नाहीच. वेगवेगळी मॉडेल वेगवेगळे सूत्र वापरतात आणि त्यांच्या उत्तरांतली तफावत काही अंशी तिथूनच येते.