लॉरेन्ट्झची समीकरणं: सूत्र आधी सापडलं, अर्थ नंतर

सापेक्षतावाद म्हटलं की १९०५ आणि आइनस्टाइन एवढंच डोक्यात येतं, पण एका चौकटीतलं (चौकट म्हणजे जिथून मोजमाप करतो ते ठिकाण, प्लॅटफॉर्म किंवा गाडी) अंतर आणि वेळ दुसऱ्या, पळणाऱ्या चौकटीत कशी न्यायची ती समीकरणं आपण बीएस्सीला घोकतो त्यांना नाव हॉलंडच्या भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्ट्झचं आहे. उगाच नाहीये ते.

जुना हिशोब सोपा होता. प्लॅटफॉर्मवरून मोजलेल्या अंतरातून वेग गुणिले वेळ वजा केलं की गाडीतल्या माणसाचं अंतर मिळालं, घड्याळ दोघांचं एकच, त्यावर कुणी शंकाच काढत नव्हतं. घोळ झाला तो वीज आणि चुंबकत्वाची समीकरणं मांडणाऱ्या मॅक्सवेलमुळे. त्याच्या १८६५ च्या पेपरात प्रकाशाचा वेग थेट समीकरणांतूनच निघाला, मग हा वेग नेमका कशाच्या सापेक्ष, तर सगळे म्हणाले ईथरच्या, म्हणजे प्रकाशाच्या लाटा ज्यातून जातात असं मानलेल्या, सगळीकडे भरलेल्या माध्यमाच्या, आणि पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किमीने पळतेय म्हणजे ईथरचा वारा कुठेतरी लागायलाच पाहिजे.

तो शोधायला मायकेलसन आणि मॉर्लीने १८८७ ला क्लीव्हलंडमध्ये दगडाची जाड लादी पाऱ्यावर तरंगत ठेवली, वर आरसे लावून किरण इतक्या वेळा पुढे-मागे फिरवला की वाट ११ मीटरची झाली. लादी हळूहळू फिरवली की दोन वाटांनी आलेला प्रकाश एकत्र येऊन पडणारे उजेड-अंधाराचे पट्टे साधारण ०.४ पट्टा सरकायला हवे होते. दिसलं ते त्याच्या विसाव्या हिश्श्यापेक्षाही कमी!

आयर्लंडच्या फिट्झजेराल्डने १८८९ ला आणि हॉलंडच्या लॉरेन्ट्झने १८९२ ला, एकमेकांचं न वाचता, सांगितलं की वस्तूच चालीच्या दिशेने आक्रसत असणार, म्हणून वाऱ्याचा फरक दिसत नाही. किती? आख्ख्या पृथ्वीचा व्यास जेमतेम सहा-साडेसहा सेंटीमीटरने. ऐकायला जुगाड वाटतो, पण लॉरेन्ट्झचं म्हणणं असं की रेणूंना धरून ठेवणारी बलंही विजेसारखीच वागत असतील तर हे व्हायलाच हवं.

खरी मजा पुढे आहे. १८९५ ला त्याने वेळेतून वेग गुणिले अंतर भागिले प्रकाशवेगाचा वर्ग एवढं वजा केलं आणि त्याला नाव दिलं ‘स्थानिक वेळ’. पृथ्वीच्या वेगाला आणि तीन लाख किमी अंतराला हा फरक येतो सेकंदाचा दहाहजारावा भाग. पण त्याच्या लेखी ही निव्वळ गणिताची सोय होती, खरी वेळ म्हणजे ईथरमधलीच. आणि गंमत बघा, हीच वजाबाकी जर्मनीतल्या फोग्टने १८८७ लाच छापली होती, लॉरेन्ट्झला पत्ताच नव्हता, नंतर त्याने त्याबद्दल खेदही व्यक्त केला. इंग्लंडात लार्मरही १९०० पर्यंत जवळपास तिथेच पोचला होता.

१९०० ला फ्रान्सचा गणिती प्वाँकारेने दाखवलं की दोन घड्याळं प्रकाशाचे इशारे पाठवून जुळवली तर जी वेळ येते तीच ही स्थानिक वेळ. माझ्या मते सगळ्यात जवळ आलेला माणूस हाच. १९०४ ला लॉरेन्ट्झने आपली समीकरणं जवळजवळ पूर्ण केली, विद्युतभाराच्या हिशोबात थोडी चूक राहिली होती ती प्वाँकारेने जून १९०५ मध्ये दुरुस्त केली, लॉरेन्ट्झचं नावही त्यानेच दिलं. ईथर मात्र त्यालाही सोडवेना.

त्याच महिन्याच्या ३० तारखेला बर्नच्या पेटंट ऑफिसातल्या कारकुनाचा पेपर जर्नलकडे पोचला. आइनस्टाइनने लॉरेन्ट्झचं १८९५ चं पुस्तक वाचलं होतं, १९०४ चा पेपर नव्हता वाचला असं तो नंतर म्हणाला. त्याने उलट्या टोकाने सुरुवात केली: एकसमान वेगाने चालणाऱ्या सगळ्या चौकटींत नियम सारखे, प्रकाशाचा वेग सारखा, बस्स. यातून तीच समीकरणं पडली, ईथर लागलाच नाही आणि दोन्ही चौकटींतल्या वेळा सारख्याच खऱ्या ठरल्या. (या पेपरचा इंग्रजी अनुवाद मेघनाद साहांनी केला, सत्येंद्रनाथ बोस यांच्यासोबतच्या पुस्तकात १९२० ला तो कलकत्ता विद्यापीठाने छापला.) गणिती मिन्कोव्स्कीने १९०८ ला अंतर आणि वेळ एकाच चार मितींच्या भूमितीत बसवले तेव्हा ही समीकरणं म्हणजे अक्ष फिरवण्याचाच एक प्रकार झाली.

लॉरेन्ट्झ मोठ्या मनाचा माणूस. १९१५ ला त्याने सरळ लिहून टाकलं की एकच वेळ खरी आणि आपली स्थानिक वेळ नुसती मदतीची राशी, हे धरून बसल्यामुळेच आपण मागे राहिलो.