मिठाच्या पाण्यातलं बियाणं

मे महिन्यात खेडला मामांकडे गेलो होतो. पडवीत बरक्या फणसाचे गरे खात बसलो असताना मामांच्या मोबाइलवर कुणीतरी ढकललेला मजकूर आला: रासायनिक कारखान्यांमुळे कोकणात घरटी कॅन्सर. मामा भडकले. लोट्याच्या एमआयडीसीत रंगांच्या कारखान्यात त्यांनी एकोणतीस वर्षं काढली आहेत. "ड्रम मी फोडले, रिअॅक्टरमध्ये पावडर मी ओतली. अंघोळीचं पाणी लाल जायचं, उशीचा अभ्रा पिवळा व्हायचा, तुझ्या मामीला विचार. काय झालं रे मला?" मग भिंतीवरच्या फोटोकडे बोट. निवृत्तीच्या दिवशीचा फोटो, शाल-श्रीफळ घेतलेले अकराजण, सगळे ठणठणीत.

तो मजकूर भंपक होता, यात वाद नाही. घरटी कॅन्सर असता तर ते कळायला मोबाइलची गरज पडली नसती. पण मामांचा फोटोही पुरावा नाही, आणि मला जास्त रस आहे तो फोटोत. कारण हाच फोटो मोठमोठ्या अभ्यासांनाही चकवतो.

आधी मोजणी कशी करतात ते सांगतो. समजा एका कारखान्यातले हजार कामगार वीस वर्षं नजरेखाली ठेवले. त्याच वयाच्या आजूबाजूच्या लोकांत जितके मृत्यू होतात त्या दराने या हजारांत १०० मृत्यू व्हायला हवेत, असं गणित सांगतं. प्रत्यक्षात झाले ८०. प्रत्यक्ष भागिले अपेक्षित, गुणिले शंभर. उत्तर ८०. याला प्रमाणित मृत्यू गुणोत्तर म्हणतात. शंभरच्या खाली आलं, म्हणजे कारखान्यात काम केल्याने माणूस जास्त जगतो? हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, पण जगभरच्या औद्योगिक अभ्यासांत हे गुणोत्तर फार वेळा ७० ते ९०च्या घरात येतं. त्यात घातक रसायनांचे कारखानेही असतात.

याचं उत्तर कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे, फक्त भाताच्या संदर्भात. पेरणीआधी आपण बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतो. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. पोचट, हलके दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. भरलेले दाणे तळाशी बसतात, ते धुऊन सावलीत सुकवून पेरायचे. आता समजा तळाशी बसलेलं बी खराब जमिनीत पेरलं, आणि शेजाऱ्याने न निवडलेलं बी चांगल्या जमिनीत. उगवण तुमचीच सरस दिसेल. त्यावरून कुणी म्हणालं, की खराब जमीन भाताला मानवते, तर आपण हसू.

कारखान्याचं गेट म्हणजे ते मिठाचं पाणी. भरतीच्या वेळी छातीचा एक्स-रे, रक्तदाब, डोळे, फिटनेसचा दाखला. आजारी माणूस मुळात नोकरीलाच येत नाही. आजूबाजूच्या लोकांच्या आकड्यात मात्र अंथरुणाला खिळलेलेही असतात, जन्मापासूनचे दमेकरीही असतात. म्हणजे एका बाजूला निवडलेलं बी, दुसऱ्या बाजूला अख्खं पोतं. विल्यम ओगल यांनी इंग्लंडमधल्या व्यवसायवार मृत्यूंचा हिशेब मांडताना ही गोम १८८५ सालीच सांगितली होती: दुबळे लोक जड कामात शिरत नाहीत, आणि शिरलेच तर टिकत नाहीत. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या रबर कामगारांचा अभ्यास करताना अँथनी मॅकमायकल यांनी याला नाव रूढ केलं. मराठीत आपण 'निरोगी कामगार परिणाम' म्हणू.

आता वरच्या ८०ची फोड करून बघू. हृदयविकाराने ४० मृत्यू अपेक्षित होते, झाले २२. इतर कारणांनी ४८ अपेक्षित, झाले ४३. कॅन्सरने १२ अपेक्षित, झाले १५. कॅन्सर वाढलाय, पण बेरजेत तो बुडून गेला. गेटवरच्या तपासणीत हृदय नि फुप्फुसं निवडली जातात. वीस वर्षांनी होणारा कॅन्सर कुठला डॉक्टर भरतीच्या दिवशी पाहणार? म्हणून एकूण मृत्यूंचा आकडा दाखवून कुणी 'आमचे कामगार तर जास्त जगतात' म्हणालं, की मी आधी फोड मागतो. आणि तुलना गावाशी नको, त्याच गेटातून निवडून आलेल्या, पण रसायनाला हात न लावणाऱ्या माणसांशी हवी.

इथपर्यंत सोपं आहे. पुढची गाठ अवघड आहे, पण मला तीच सगळ्यात आवडते. बी एकदाच निवडलं जात नाही. रोपं शेतात असतानाही निवड चालूच राहते. ज्याला खोकला सुरू होतो, अंगावर पुरळ येतं, तो दोन-तीन वर्षांत नोकरी सोडतो किंवा त्याला हलक्या कामावर टाकतात. जो टिकतो तो मुळातच दणकट. त्यामुळे 'किती वर्षं रसायनात काम केलं' आणि 'किती जण मेले' यांची सांगड घातली, की कधी कधी चित्र उलटं येतं: वीस वर्षंवाले धडधाकट, दोन वर्षंवाले मेलेले. जणू विष जितकं जास्त तितकं आयुष्य जास्त!

मग 'अजून नोकरीवर आहे की नाही' हे लक्षात घेऊन आकडे दुरुस्त करावेत, असं वाटतं. नेहमीच्या पद्धतीने तसं केलं तर फसगत होते. कारण नोकरी सोडणं दोन्हीकडे बसलेलं आहे. तब्येत बिघडली म्हणून नोकरी सुटते, आणि नोकरी सुटली म्हणून पुढचा रसायनाचा डोस थांबतो. शिवाय तब्येत बिघडली ती कदाचित आधीच्या डोसानेच. म्हणजे एकच गोष्ट आधीच्या डोसाचा परिणाम आणि पुढच्या डोसाचं कारण. ती गणितात धरली तरी चूक, सोडली तरी चूक. १९८६ साली जेम्स रॉबिन्स यांनी यावर नवं गणित मांडलं, आणि ते तांबं गाळणाऱ्या भट्टीतल्या, आर्सेनिक अंगावर घेणाऱ्या कामगारांवर लावून दाखवलं. ढोबळ कल्पना अशी: दर वर्षाचा टप्पा वेगळा घ्यायचा, त्या टप्प्यावर कोण कामावर आहे नि कोण नाही ते पाहायचं, आणि 'सगळेच टिकले असते तर' असं चित्र पायरीपायरीने उभं करायचं. ही पद्धत पहिल्यांदा समजून घ्यायला मला दोन पावसाळे लागले, तेव्हा एका परिच्छेदात पचली नाही तर मनावर घेऊ नका.

इतकी झाकपाक असूनही रंगांचा कॅन्सर सापडला, कारण तो फारच ठळक होता. १८९५ साली फ्रँकफर्टमधले शल्यचिकित्सक लुडविग रेन यांना एकाच कामाचे, फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनवणारे, मूत्राशयाच्या गाठींचे रुग्ण भेटले. ब्रिटनमध्ये रॉबर्ट केस यांनी रंग कारखान्यांच्या जुन्या हजेरीपत्रकांतली नावं आणि मृत्यूचे दाखले जुळवून १९५४ साली हिशेब मांडला. २-नॅफ्थिलअमाइन हे रंग बनवायला लागणारं, अमाइन गटातलं रसायन हाताळणाऱ्यांत मूत्राशयाच्या कॅन्सरने एक मृत्यूही पुरता भरू नये इतकी अपेक्षा होती. झाले दोन डझनांहून जास्त. कामाला लागल्यापासून गाठ दिसेपर्यंत सरासरी अठराएक वर्षं गेलेली.

मूत्राशयच का? ही अमाइनं श्वासातून जातात, कातडीतूनही जातात. यकृत त्यांना पाण्यात विरघळण्याजोगं करून मूत्रपिंडाकडे धाडतं. मूत्राशय हे साठवणीचं भांडं. तिथे लघवी तासन् तास थांबते, तिच्या आम्लतेत यकृताने बांधलेली गाठ सुटते आणि उरलेला तुकडा अस्तराच्या पेशींतल्या डीएनएला चिकटतो.

हे कळलं की गुळाचं काय करायचं तेही कळतं. 'शिफ्ट संपली की गुळाचा खडा खा, केमिकल उतरतं' हा समज मुंबईपासून महाडपर्यंत ऐकलाय. काही ठिकाणी कंपनीच दूध देते. गूळ अन्ननलिकेतून जातो, अमाइन कातडीतून. त्यांची वाटेत कुठेच गाठ पडत नाही. दूध प्यावं, हाडांसाठी. हातमोज्यांऐवजी नव्हे.

आता पुन्हा फोटोकडे. मी मामांना विचारलं, तुमच्याबरोबर त्या वर्षी किती जण लागले होते? ते बोटं मोजू लागले. चिपळूणचे दोघे, गुहागरचा एक, बाकी बरेच ठेकेदाराकडचे, बिहार नि ओडिशाकडचे. अठ्ठावीसपर्यंत आठवले. फोटोत त्यातले चार.

उरलेल्या चोवीसांपैकी मामांना ठाऊक असलेले सहा. त्यातला एक मुंबईला 'लघवीच्या दुखण्याने' गेला, एवढंच ऐकलेलं. हजेरी ठेकेदाराच्या वहीत, माणूस गावाला, आणि देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी साधारण पाचातल्या एकाचंच कारण डॉक्टरी दाखल्याने नोंदलं जातं. केस यांना निदान हजेरीपत्रकं तरी मिळाली होती.

मामांना मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, लघवीत रक्त दिसलं, ते न दुखता आलं आणि आपोआप थांबलं, तरी मूत्ररोगतज्ज्ञाकडे जायचं आणि रंगाच्या प्लांटमध्ये होतो हे आपणहून सांगायचं. डॉक्टर विचारतीलच असं नाही. दुसरी, भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात ४१-सी हे कलम घातलं गेलं. घातक प्रक्रियेत काम करणाऱ्याची तपासणी कामावर घेण्याआधी करायची, काम चालू असताना दर बारा महिन्यांच्या आत करायची आणि ते काम सोडल्यावरही करायची, असं त्यात लिहिलं होतं.

गरा हातातच राहिला. "सोडल्यावरसुद्धा?" मामांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी मामीला हाक मारली आणि कपाटातली जुनी फाइल काढायला सांगितली.