टाकीची खूण आणि आकाशातले पाहुणे

ठाण्यात आम्ही काही जण महिन्यातून एका रविवारी शाळकरी मुलांना जमवून विज्ञानाच्या विषयांवर गप्पा मारतो. मागच्या पावसाळ्यातल्या अशाच एका रविवारी नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, वेरूळचं कैलास लेणं माणसांनीच खोदलं, याला पुरावा काय?” तिने मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली होती. एवढा प्रचंड खडक वरून खाली कोरत नेणे आठव्या शतकातल्या माणसाला शक्यच नव्हते, म्हणून ते काम परग्रहावरून आलेल्या कुणीतरी यंत्राने केले असले पाहिजे, असे तीत सांगितले होते. काही मुले हसली. मला मात्र तो प्रश्न फार मोलाचा वाटला. तिने पुरावा मागितला होता, आणि पुरावा मागणाऱ्याला पुराव्यानेच उत्तर द्यावे लागते.

प्राचीन काळी परग्रहवासी पृथ्वीवर येऊन गेले, ही कल्पना घराघरांत पोहोचवली ती स्वित्झर्लंडच्या एरिक फॉन डॅनिकेन यांनी. हॉटेल चालवण्याच्या व्यवसायातल्या या गृहस्थांचे पहिले पुस्तक १९६८ साली आले आणि जगभर खपले. इजिप्तचे पिरॅमिड, पेरूमधल्या नाझ्काच्या वाळवंटातल्या रेषा, मेक्सिकोतल्या पालेंके येथील राजा पकाल याच्या शवपेटीवरचे कोरीव झाकण, या सगळ्यांत त्यांना आकाशातून आलेल्या पाहुण्यांच्या खुणा दिसल्या. त्यांच्या मांडणीचा गाभा एकच आहे: अमुक गोष्ट त्या काळच्या माणसांना जमणे शक्य वाटत नाही, म्हणून ती दुसऱ्या कुणी केली. यातला ‘शक्य वाटत नाही’ हा भाग आपल्या अनुभवाच्या मर्यादेविषयी बोलतो, त्या वास्तूविषयी काहीच सांगत नाही.

तरीही मूळ शक्यता मोडीत काढण्याजोगी नाही, हे प्रांजळपणे सांगायला हवे. सूर्याखेरीज आपल्याला सर्वांत जवळचा असलेला प्रॉक्झिमा सेंटॉरी हा तारा ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चाललेले आपले व्हॉयेजर-१ हे यान त्याच्या दिशेने निघाले असते, तर पोहोचायला सुमारे ७५ हजार वर्षे लागली असती. परंतु आकाशगंगेचे वय हजार कोटी वर्षांहून अधिक आहे, आणि तेवढ्या काळात आपल्यापेक्षा कितीतरी पुढे गेलेली एखादी संस्कृती इथवर आली असेल, हे भौतिकशास्त्राच्या नियमांत बसते. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९६३ मध्ये एका शोधनिबंधात आणि पुढे १९६६ मध्ये सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ आयोसिफ श्क्लोव्स्की यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकात हा विचार गांभीर्याने मांडला होता. अशी भेट झाली असेल तर तिची आठवण लोककथेत कशा रूपात टिकेल, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यासाठी त्यांनी दिलेले उदाहरण मला या सगळ्या विषयातले सर्वांत सुंदर उदाहरण वाटते.

१७८६ साली ला पेरूझ हा फ्रेंच दर्यावर्दी अलास्काच्या किनाऱ्यावरील लिटुया उपसागरात दोन जहाजे घेऊन उतरला. तिथल्या ट्लिंगिट लोकांनी गोरा माणूस किंवा शिडाचे मोठे जहाज त्याआधी पाहिलेले नव्हते आणि त्यांच्याकडे लेखनही नव्हते. जवळपास शंभर वर्षांनी अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉर्ज एमन्स यांनी त्यांच्याकडून त्या भेटीची कथा ऐकून टिपून घेतली. पांढरे पंख असलेले दोन मोठे काळे पक्षी समुद्रातून आले. ते जग घडवणाऱ्या कावळ्याचे रूप असावे असे लोकांना वाटले. उघड्या डोळ्यांनी पाहिले तर आपण दगड होऊ या भीतीने त्यांनी एका रानटी वनस्पतीच्या पानांच्या सुरळ्या करून त्यांतून पाहिले. अखेर दृष्टी जवळजवळ गेलेला एक म्हातारा, आता आपले काय राहिले आहे असे म्हणून, होडीतून त्या पक्ष्यांकडे गेला आणि ती माणसेच आहेत असे कळवत परत आला. कथेवर देवाधर्माचा रंग चढला आहे, पण जहाजांची संख्या, शिडे, काळे सांगाडे आणि जागा हे सारे ला पेरूझच्या लेखी नोंदींशी ताडून पाहता येते. तोंडी परंपरा शंभर वर्षे एवढा तपशील सांभाळते, ही गोष्ट माझ्या मनात आदर निर्माण करते. मात्र ती कथा खरी ठरली ती फ्रेंचांच्या रोजनिशीमुळे. दुसरी बाजू हाती नसती, तर ती कावळ्याची एक दंतकथाच राहिली असती. सेगन यांनीही पुढे निःसंदिग्धपणे लिहिले की, परग्रहवासीयांच्या भेटीबाबत कसोटीला उतरणारी एकही कथा किंवा वस्तू सापडलेली नाही.

मग कसोटीला उतरणारी वस्तू असते तरी कशी? याचे उत्तर आपल्याजवळ आहे, कारण अंतराळातून आलेल्या वस्तू शास्त्रज्ञांच्या हातात रोज असतात. तूतनखामेनच्या कबरीत एक लोखंडी खंजीर सापडला. त्या काळी इजिप्तमध्ये खनिजापासून लोखंड गाळण्याची विद्या नीट रुळलेली नव्हती, म्हणजे ‘त्यांना शक्य नव्हते’ हा युक्तिवाद इथे अगदी चपखल बसला असता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्ष-किरणांच्या साहाय्याने, खंजिराला ओरखडाही न काढता, त्या धातूत जवळपास ११ टक्के निकेल आणि थोडे कोबाल्ट असल्याचे दिसले. हे प्रमाण लोहउल्केचे आहे. लोखंड आकाशातून पडलेले होते आणि ते ठोकून पाते करणारे हात इजिप्तच्या कारागिराचे होते.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण याहून मोठे आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या खळग्यात आहे. लवणासुराला विष्णूने तिथे मारले, अशी कथा आहे. अनेक वर्षे त्याला ज्वालामुखीचे मुखही मानले जात होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिथल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडल्याचे सांगितले गेले. फेल्डस्पार या खनिजाला आघाताच्या लाटेचा प्रचंड दाब क्षणभर बसला, की त्याची स्फटिकरचना मोडून ही काच तयार होते, आणि ज्वालामुखीत असा दाब निर्माण होत नाही. उल्का केव्हा पडली याविषयी मते वेगळी आहेत. एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षे येतात, दुसरीने साडेपाच लाखांच्या वर. पण ती वरून पडली, याची साक्ष दगडाच्या कणाकणांत आहे.

याहीपुढची गोष्ट म्हणजे लोह-६० या किरणोत्सारी समस्थानिकाची, म्हणजे वजनाने वेगळ्या असलेल्या लोखंडाच्या अणूंची. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू बदलून जाण्याचा काळ, सुमारे २६ लाख वर्षांचा असल्याने पृथ्वीच्या जन्मावेळचे लोह-६० केव्हाच संपले आहे. तरीही प्रशांत महासागराच्या तळावरील खडकाच्या पुटांत त्याचे अणू मिळाले, आणि त्यावरून सुमारे वीस ते तीस लाख वर्षांपूर्वी जवळपासच्या ताऱ्याच्या स्फोटाची धूळ पृथ्वीवर पडली असल्याचे कळले. अब्जावधी अणूंमधून असे मोजके परके अणू निवडून काढता येतात, हे लक्षात घेतले की अपेक्षा स्पष्ट होते. दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहमालेत घडलेल्या यंत्राचा तुटका खिळा जरी कुठल्या लेण्यात पडला असता, तरी त्यातल्या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचे प्रमाण आपल्या सूर्यमालेहून वेगळे दिसले असते. जगभरच्या उत्खननांतून लाखो वस्तू निघाल्या आहेत आणि त्यांत असा एकही तुकडा नाही.

आता कैलास लेण्याकडे वळू, कारण मुलीचा प्रश्न त्याविषयी होता. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, म्हणजे साधारण इ.स. ७५६ ते ७७३ च्या दरम्यान, या कामाचा मुख्य भाग झाला असे मानले जाते. खडक आहे दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी एक साधा हिशोब मांडला होता. एक कारागीर दिवसाला ४ घनफूट दगड काढतो असे धरले, तर २५० माणसे साडेपाच वर्षांत एवढे काम उरकू शकतात. हा हिशोब मुलांनी फळ्यावर करून पाहिला. २५० माणसांचे दिवसाला १००० घनफूट, साडेपाच वर्षांचे साधारण २००० दिवस, म्हणजे २० लाख घनफूट. बेसाल्टचा एक घनफूट तुकडा ८० किलोच्या आसपास भरतो, तेव्हा एकूण वजन झाले सुमारे १ लाख ६० हजार टन. लेण्यातून काढलेल्या दगडाचे जे अंदाज सांगितले जातात, त्यांच्याच घरातला हा आकडा आहे. वरून खाली खोदल्यामुळे परांचीची गरज उरली नाही. कारागीर नेहमी पायाखालच्या दगडावर उभा राहून काम करत होता.

पण दिवसाला ४ घनफूट खरेच जमतात का? नवी मुंबईत पारसिकच्या डोंगराला लागून पूर्वी खूप दगडखाणी होत्या, आणि त्या भागात आजही पाटे-वरवंटे घडवणारी, त्यांना टाकी, म्हणजे दगडावर चालवायची छिन्नी, लावून देणारी काही कुटुंबे आहेत. तुर्भ्याजवळ रस्त्याच्या कडेला बसलेल्या अशाच एका वयस्कर पाथरवटाकडे मी दोन सकाळी जाऊन बसलो. काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी दगडावर हातोडी दोन-तीन ठिकाणी नुसती वाजवली. “दगड बोलतो साहेब,” ते म्हणाले. “ठण्ण वाजला तर बरा, बद्द वाजला की समजायचं आत चीर हाय.” मग एका रेषेत बोटभर खोल भोके पाडली, त्यांत लोखंडी पाचरी बसवल्या आणि घणाने प्रत्येक पाचरीवर पाळीपाळीने घाव घालत गेले. पाच-सहा फेऱ्यांनंतर आवाज एकदम उतरला, आणि रेषेवर केसासारखी चीर उमटून दगड सरळ दोन भागांत सुटला. काढलेला भाग सहज दोन घनफूट असेल आणि तासही झाला नव्हता. कोरीव कामाचा वेग अर्थातच याच्या शतांशही नसतो, पण लेण्यातला बहुतांश दगड कोरायचा नसतोच, काढून टाकायचा असतो.

त्यांच्याजवळच आणखी एक गोष्ट कळली. टाकीचे टोक पाहता पाहता बोथट होते, म्हणून एका हाताला तीन-चार टाक्या लागतात आणि शेजारी भाता पेटता ठेवावा लागतो. टोक तापवायचे, ठोकून निमुळते करायचे, पाणी द्यायचे. पाणी जास्त झाले तर टोक कडकन तुटते, कमी झाले तर वाकते. याचा अर्थ, अडीचशे पाथरवटांमागे लोहारांचे कितीतरी भाते रात्रंदिवस चालले असले पाहिजेत. टाकीच्या त्या उभ्या ओळी कैलास लेण्याच्या बाजूच्या कातळभिंतींवर आजही दिसतात. बोटाने त्यांची रुंदी मोजता येते. वेरूळ-अजिंठ्याला अर्धवट सोडलेली लेणीही आहेत, त्यांत काम कुठल्या क्रमाने होई ते टप्प्याटप्प्याने दिसते. शिवाय कैलासचा आराखडा आकाशातून पडलेला नाही. पट्टदकल येथील विरूपाक्ष मंदिर इ.स. ७४० च्या सुमाराचे आहे, त्याआधीचे कांचीचे कैलासनाथ, आणि या तिन्हींमधले नाते स्थापत्याच्या अभ्यासकांना स्पष्ट ओळखू येते.

राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्कराजाचा, साधारण इ.स. ८१२ चा, एक ताम्रपट वडोदऱ्याला मिळाला. त्यात कृष्णराजाने एलापूर, म्हणजे वेरूळ, येथे उभारलेल्या शिवमंदिराचे वर्णन आहे. विमानांतून जाणाऱ्या देवांनी ते पाहिले आणि हे स्वयंभू असले पाहिजे, कृत्रिम वस्तूत एवढी शोभा कुठली, असे ते आश्चर्याने म्हणाले. आणि ज्याने ते बांधले तो स्थपतीही, असे दुसरे आपल्याच्याने होणार नाही हे कळून, ‘हे मी कसे केले!’ म्हणून थक्क झाला. म्हणजे काम झाल्यानंतर चाळीसेक वर्षांतच कवीने आकाशातल्या विमानांचा उल्लेख केला होता. त्याच्या कवितेत विमानातले देव प्रेक्षक आहेत आणि कर्ता माणूस आहे.

विमानांचा विषय निघाला की प्राचीन म्हणवल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या संस्कृत ग्रंथाचे नाव निघतेच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली तो तपासला. त्यांच्या निष्कर्षानुसार तो १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यात वर्णिलेली एकही रचना उडू शकणार नाही.

आमच्या मुलांना मी वेरूळपेक्षा आधी अंबरनाथला नेले, कारण ते लोकलने तासाभरात गाठता येते. शिलाहारांच्या काळातले तिथले शिवमंदिर याच काळ्या दगडाचे आहे. त्यातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रथम वाचला तेव्हा शक ७८२ असा लागला होता. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पुन्हा ठसे घेऊन तो आकडा ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असल्याचे दाखवले. एका अंकाने मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आले आणि ते सर्वांनी मान्य केले. मुलांना ही गोष्ट शिल्पांपेक्षाही अधिक आवडली.

पुढच्या महिन्यात येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीला जायचे ठरले आहे. तिथल्या मोठ्या चैत्यगृहातल्या दुसऱ्या शतकातील लेखात काम पूर्ण करणाऱ्या ‘सेलवढकीं’चा, म्हणजे शैलवर्धकींचा, दगडाच्या सुतारांचा उल्लेख आहे. दुसऱ्या एका लेखात कल्याणच्या सोनाराने पाण्याचे टाके दिल्याची, तर आणखी एकात कल्याणच्याच एका लोहाराने वाट बांधून दिल्याची नोंद आहे. ज्या मुलीने पुरावा मागितला होता, तिने ती अक्षरे स्वतः वाचता यावीत म्हणून ब्राह्मीची वर्णमाला वहीत उतरवून घेतली आहे आणि ‘क’ ते ‘म’ तिचे पाठ झाले आहे.