चंबावंबा आणि ईएमआय: एका कराराची पार्श्वभूमी

चंबावंबा या पंक, म्हणजे बंडखोर रॉक संगीतातून आलेल्या ब्रिटिश बँडचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास निघतात. एक 'टबथंपिंग' हे गाणं आणि दुसरी म्हणजे १९९७ साली ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीशी झालेला करार. गाणं सगळ्यांना पाठ आहे. कराराची गोष्ट मात्र बहुतेकदा "अराज्यवादी पंक होते, पैसा दिसला आणि विकले गेले" एवढ्या एका वाक्यात संपवतात. हे वाक्य सपशेल खोटं नाही, पण त्यातून बरंच काही निसटतं.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. साल १९८२, गाव लीड्स. बर्न्ली या जुन्या गिरणगावातून आलेली काही पोरं आणि त्यांना येऊन मिळालेली काही मंडळी आर्मली भागातल्या एका ओस पडलेल्या मोठ्या घरात राहू लागली. एकत्र राहायचं, निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचे आणि मिळकत सारखी वाटायची, असा शिरस्ता होता. बँडमध्ये म्होरक्या कुणी नव्हता. गाणाऱ्याच्या हाती उद्या ट्रम्पेट दिसे. त्याच वर्षी क्रास या अराज्यवादी पंक बँडच्या संकलित रेकॉर्डवर त्यांचं गाणं आलं. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात ते कामगारांच्या बाजूने उभे राहिले. १९८६ चा पहिला मोठा अल्बम त्यांनी 'एजिट-प्रॉप' या स्वतःच्याच लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीवर काढला. दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या लाइव्ह एड या मदत मैफलीचं कौतुक ओसरलेलंही नव्हतं, तेव्हा या अल्बमच्या नावातच सांगितलं होतं की भुकेल्या पोरांचे फोटो लावले की रेकॉर्डी खपतात. हे नाव लक्षात ठेवा, बारा वर्षांनी ते त्यांच्यावरच उलटलं.

१९८८ चा अल्बम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी होते. १३८१ च्या शेतकरी उठावापासून १९१४ पर्यंतची इंग्लंडमधली बंडाची गाणी त्यांनी एकही वाद्य न वापरता, नुसत्या गळ्यांवर गायली. गिटार नाही, ड्रम नाहीत, आरडाओरडा नाही. त्यानंतर १९९० मध्ये ते नाचाच्या ठेक्याकडे वळले. पुढच्या वर्षी दुसऱ्यांच्या गाण्यांचे तुकडे उचलून एक अल्बम तयार केला, पण त्या तुकड्यांची परवानगी मिळेना. मग तो बाजूला ठेवून १९९२ मध्ये जवळजवळ नवाच अल्बम उभा केला. म्हणजे संगीतापुरतं बोलायचं तर पंकशी त्यांची फारकत ईएमआयने घडवली नाही. करार झाला तेव्हा ती नऊ वर्षांची जुनी झाली होती. १९९४ चा 'अ‍ॅनार्की' ब्रिटनमध्ये पहिल्या तीसात पोहोचला, तोही वन लिटल इंडियन या स्वतंत्र लेबलवर. कव्हरवर बाळंतपणाचा क्षण असल्यामुळे काही दुकानांनी नाकं मुरडली होती, तरीही.

आता करार. तो इतका झोंबला का, हे कळायला ईएमआय म्हणजे काय हे आधी पाहावं लागतं. आपल्याकडच्या जुन्या घरांत कुत्र्याचं चित्र असलेल्या ज्या तबकड्या सापडतात, त्या एचएमव्हीचं मूळ घराणं तेच. ब्रिटनमधल्या डाव्या मंडळींना मात्र त्या नावामागे कुत्रा नव्हे, शस्त्रं दिसायची. १९७९ मध्ये ईएमआय थॉर्न या विजेच्या उपकरणांच्या कंपनीत विलीन झाली आणि थॉर्न-ईएमआयच्या पसाऱ्यात लष्करी इलेक्ट्रॉनिक्सचा धंदाही होता. रेकॉर्ड घेतली की शस्त्रांच्या धंद्याला हातभार लागतो, असा सरळ हिशेब मांडला जायचा. १९८९ मध्ये ईएमआयला सणसणीत शिवी देणाऱ्या नावाचं एक संकलन निघालं आणि त्यात चंबावंबाही सामील होते.

आठ वर्षांनी त्याच कंपनीच्या कागदावर सह्या झाल्या. युरोपात ईएमआय, तर अमेरिकेत दुसरी तितकीच बलाढ्य कंपनी. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा प्रकार झाला नाही, बँडने उघडपणे बाजू मांडली. पहिला मुद्दा असा की थॉर्न आणि ईएमआय १९९६ मध्येच वेगळ्या झाल्या होत्या. दुसरा मुद्दा बोचरा होता: आधीचं लेबल ईएमआयइतकं बदनाम नव्हतं, पण चालायचं तेही नफ्यावरच. भांडवलशाहीत रेकॉर्ड विकायची असेल तर सोवळं कुणाचंच नसतं, मग ज्याची पोच लांब त्याच्याकडे का जाऊ नये? तिसरा मुद्दा अर्थातच नेहमीचा, आपलं म्हणणं जास्त लोकांपर्यंत जाईल.

पहिला मुद्दा कागदोपत्री खरा असला तरी सोयीचा आहे. दुसरा मला पटतो. त्या काळच्या स्वतंत्र लेबलांभोवती पावित्र्याचं जे वलय होतं, ते बरंचसं त्यांच्या आकारामुळे होतं, व्यवहारामुळे नव्हे. गाडी अडते ती तिसऱ्यावर. ऑगस्ट १९९७ मध्ये 'टबथंपिंग' आलं, ब्रिटनमध्ये दुसऱ्या आणि अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत चढलं. तिकडे अल्बमच्या तीसेक लाख प्रती गेल्या. एवढ्या घरांत पोहोचलं ते काय? पडून पुन्हा उठणाऱ्याचं, पबमध्ये ओरडायला सोयीचं गाणं. गाण्यांमागचं राजकारण सांगणारा मजकूर अल्बमच्या पुस्तिकेत होता, पण अमेरिकी आवृत्तीतून नेमका तोच गळला.

जुन्या सोबत्यांनी हे सोडलं नाही. ज्यांच्याबरोबर दौरे केले होते त्या एका स्कॉटिश पंक बँडसह काही बँडनी मिळून १९९८ मध्ये खास चंबावंबाविरोधी रेकॉर्ड काढली आणि तिला १९८६ च्या त्या अल्बमच्या नावाचं विडंबन करणारं नाव दिलं. आता रेकॉर्डी खपवत होता तो उघडा ढोंगीपणा.

राग समजण्यासारखा आहे. पण त्याच वर्षात बँडने जे केलं, ते या रागाच्या हिशेबात धरलं जात नाही. त्यांच्यातल्या एका गायिकेने अमेरिकी टीव्हीवर सांगितलं की ज्यांना परवडत नाही त्यांनी आमची सीडी मोठ्या साखळी दुकानांतून खुशाल चोरावी. परिणामी एका साखळीने त्यांचा अल्बम फडताळावरून उचलून काउंटरमागे ठेवला. दुसऱ्या एका लोकप्रिय रात्रीच्या कार्यक्रमात त्यांनी हिट गाण्याच्या मधोमध फाशीची शिक्षा झालेल्या एका कृष्णवर्णीय पत्रकाराच्या सुटकेची घोषणा दिली. फेब्रुवारी १९९८ मध्ये लंडनच्या ब्रिट पुरस्कार सोहळ्यात एका सदस्याने ब्रिटनच्या उपपंतप्रधानांच्या अंगावर बर्फाच्या पाण्याची बादली रिकामी केली. लिव्हरपूलचे गोदी कामगार १९९५ पासून झगडत होते आणि सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने त्यांना वाऱ्यावर सोडलं होतं, हे त्यामागचं कारण. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत बादलीच जास्त गाजली, गोदी कामगार कमी. पण निदान त्यांचं नाव तरी त्या झगमगाटात उच्चारलं गेलं, आणि लहान लेबलवर राहून त्या टेबलापर्यंत पोहोचता आलं नसतं.

पैशाचा प्रश्नही याच ओघात येतो. नायकीने जाहिरातीसाठी देऊ केलेले १५ लाख डॉलर त्यांनी नाकारले. २००२ मध्ये मात्र जनरल मोटर्सला एका मोटारीच्या जाहिरातीसाठी दुसरं गाणं दिलं. आकडा कुणी ७० हजार सांगतं, कुणी १ लाख डॉलर. ते पैसे दोन कंपनीविरोधी गटांना दिले गेले आणि त्यांनी त्यातून जनरल मोटर्सच्याच विरोधात मोहीम चालवली. मला विचाराल तर १९९७ च्या कराराचं खरं समर्थन इथे आहे, पण ते पाच वर्षं उशिरा आलं. तोवर बँडने ईएमआय सोडून पुन्हा स्वतःचं छोटं लेबल थाटलं होतं.

पुढचं सगळं भराभर झालं. २००४ च्या सुमारास निम्मी मंडळी बाहेर पडली. सीडी चोरा म्हणणारी गायिका नाटकं आणि टीव्ही मालिका लिहू लागली. एका गायकाने नवा बँड काढला आणि पुढे या सगळ्या प्रवासावर माहितीपट केला. उरलेल्यांनी विजेवरची वाद्यं बाजूला ठेवून अकॉर्डियन, ट्रम्पेट आणि एकत्र मिसळलेले गळे एवढ्यावर भागवलं. हे परत १९८८ कडे जाणं होतं. १९८८ च्या त्या गाण्यांचं नव्याने ध्वनिमुद्रणही त्यांनी २००३ मध्ये केलं आणि शेवटचं साल ओढून १९८४ वर, म्हणजे खाणकामगारांच्या संपावर आणलं. २००८ च्या अल्बमला तब्बल १५६ शब्दांचं नाव दिलं, ही खोडी जुन्या वळणाचीच. गिटारवादकाने नंतर लीड्समध्ये लोकांचा एक गायनसमूह उभा केला.

त्यांचा शेवटचा कार्यक्रम ३१ ऑक्टोबर २०१२ ला लीड्समध्ये झाला. त्याच्या महिनाभर आधी ईएमआयचा रेकॉर्डचा धंदा युनिव्हर्सलच्या ताब्यात गेला होता, तर गाण्यांच्या हक्कांचा भाग सोनीच्या गोटात. एक काम मात्र शिल्लक होतं. खाणकामगारांचा संप मोडून काढणाऱ्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर वारल्यावरच पाठवायची म्हणून एका छोट्या रेकॉर्डची आगाऊ नोंदणी त्यांनी २००५ पासून घेतली होती. एप्रिल २०१३ मध्ये ती लोकांच्या घरी पोहोचली. ही रेकॉर्ड अभिरुचीहीन होती असं म्हणणारे बरेच आहेत. असेलही, पण खाणगावांतून ती मागवणाऱ्यांना तसं वाटलं नसावं.

'टबथंपिंग' तेवढं कुणालाच आवरेना. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या एका उजव्या पक्षाने ते आपल्या अधिवेशनात वाजवलं, तेव्हा बँडने हरकत घेतली. मार्च २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या उपपंतप्रधानांनी सभेत वाजवलं. गाणं लिहिणाऱ्यांचा त्यांच्या राजकारणाला कडाडून विरोध होता, पण बँडच उरला नव्हता आणि हक्कही हातात नव्हते. वापर थांबवण्याची नोटीस काढा, असं त्यांना सोनीलाच सांगावं लागलं.