माजी खेळाडू विद्यार्थिनींचा गौरव आणि ‘आंतरराष्ट्रीय’ ही अट : पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील मुलींच्या जुन्या शाळांमध्ये दर्शनी भिंतीवर लावलेले सन्मानफलक मुळात अभ्यासातील यशासाठी होते. शालान्त परीक्षेत बोर्डात आलेल्या मुली, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या मुली आणि शाळेतून पहिल्या आलेल्या मुली यांची नावे तेथे वर्षानुक्रमे रंगवली जात असत. खेळाडूंच्या वाट्याला बहुधा मुख्याध्यापिकांच्या खोलीतील काचेच्या कपाटात ठेवलेली ढाल येई, आणि तिच्यावर शाळेचे नाव असले तरी संघातील मुलींची नावे क्वचितच असत. पुढे शिक्षण मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणे बंद केले आणि या फलकांवर भर पडण्याचे थांबले. माजी विद्यार्थिनींमधील खेळाडूंचा स्वतंत्र गौरव करण्याचा विचार त्यानंतरच्या काळात अधिक ठळकपणे पुढे आला. वार्षिक स्नेहसंमेलन, शाळेचा वर्धापनदिन किंवा शतकोत्तर महोत्सव ही त्याची नेहमीची निमित्ते होत. गौरव करायचा याबद्दल कोठेच दुमत नसते. वाद होतो तो कोणाचा करायचा यावर, आणि त्याचे मूळ गेल्या सहा-सात दशकांच्या क्रीडाइतिहासात आहे.

त्यामागचा काळ थोडक्यात सांगता येतो. पुण्यात मुलींसाठी माध्यमिक शिक्षण देणारी शाळा १८८४ मध्ये सुरू झाली. पण त्यानंतरची काही दशके शाळांची शक्ती मुलींना वर्गात टिकवून ठेवण्यातच खर्च होत होती. खेळाच्या तासाला कवायत, लेझीम, फुगड्या आणि झिम्मा यांपलीकडे स्थान मिळायला विसावे शतक बरेच उलटावे लागले. ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या महिला प्रथम उतरल्या त्या १९५२ मध्ये, हेलसिंकी येथे. त्या चौघींपैकी दोघी धावपटू आणि दोघी जलतरणपटू होत्या, आणि मुंबईचाही त्यांत वाटा होता. तेव्हाच्या सामान्य मराठी घरातील मुलीला मात्र पोहण्याचा तलाव किंवा धावण्याची आखीव पट्टी सहजासहजी मिळत नव्हती. तिला मिळत होते ते शाळेचे पटांगण.

त्या पटांगणावर रुजला तो खो-खो. दोन खांब पुरले आणि चुन्याने रेषा आखल्या की मैदान तयार होते, एकाच वेळी बारा मुली मैदानात असतात, साहित्याचा खर्च नाही आणि पावसाळ्यानंतर ढेकळे फोडून पाणी मारले की हंगामाला सुरुवात करता येते. ज्या शाळेचे क्रीडा अनुदान जेमतेम होते तिला याहून सोयीचा खेळ सापडणे कठीण होते. खो-खोची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे झाली. महिलांचा गट पुढच्याच वर्षी, १९६०-६१ मध्ये, कोल्हापूर येथे सुरू झाला. तेव्हापासून महिला गटातील अनेक विजेतेपदे महाराष्ट्राकडे आली आहेत, आणि त्या संघांतील मुली प्रामुख्याने शाळेच्या मैदानावरून क्रीडा मंडळांकडे आणि तेथून जिल्ह्याच्या संघात गेलेल्या होत्या. मुलींच्या शाळांनी महाराष्ट्राच्या क्रीडाजीवनाला जे दिले त्यात हा खेळ सर्वांत वर ठेवावा लागेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सन्मानाचे निकष लिहिताना मात्र हाच खेळ दाराबाहेर राहतो. शाळांच्या निकषांत सर्रास आढळणारे वाक्य असे असते की, ‘आंतरराष्ट्रीय पातळीवर देशाचे प्रतिनिधित्व केलेली माजी विद्यार्थिनी’ सन्मानास पात्र राहील. वरवर पाहता ही अट निर्दोष वाटते. ती मोजण्यास सोपी आहे, तीत कोणाच्या मर्जीला वाव नाही, आणि जिल्हा किंवा विभाग पातळीवर खेळलेल्या शेकडो मुलींमधून निवड करण्याचे संकट ती टाळते. परंतु १९६० ते १९९५ या काळात खो-खो खेळणाऱ्या मुलीने कितीही पराक्रम केला तरी तिला ही अट पूर्ण करणे शक्यच नव्हते, कारण जिथे जाऊन खेळावे अशी स्पर्धाच अस्तित्वात नव्हती. पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा कोलकाता येथे भरली ती १९९६ मध्ये. दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोचा समावेश होण्यासाठी २०१६ उजाडावे लागले. गुवाहाटी येथील त्या स्पर्धेत भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक मिळवले तेव्हा कर्णधारपद महाराष्ट्रातील खेळाडूकडे होते.

कबड्डीची कथा थोडी वेगळी असली तरी अडचण तीच आहे. आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांची कबड्डी १९९० मध्ये बीजिंग येथे आली आणि महिलांची २०१० मध्ये ग्वांगझू येथे. म्हणजे एकाच गावातल्या एकाच मंडळात वाढलेल्या भावाला ही संधी २० वर्षे आधी खुली झाली. मुलांच्या शाळेने लावलेला निकष मुलींच्या शाळेने जसाच्या तसा उचलला, तर ही २० वर्षे मुलींच्या खात्यातून निमूटपणे वजा होतात.

अटीच्या बाजूने केला जाणारा दुसरा युक्तिवाद असा की, खो-खो सांघिक खेळ असल्याने त्यातील एकटीचे कर्तृत्व वेगळे काढता येत नाही. ज्यांनी खो-खोच्या सामन्याची वर्तमानपत्रातील बातमी वाचली आहे त्यांना हा युक्तिवाद पटणे अवघड आहे. त्या बातमीत प्रत्येक प्रमुख खेळाडूच्या नावापुढे कंसात तिने किती मिनिटे संरक्षण केले आणि किती गडी बाद केले हे छापलेले असते. गुणपत्रिकेवर ते सेकंदापर्यंत नोंदलेले असते. शिवाय राष्ट्रीय स्पर्धांत सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूला झाशीच्या राणीच्या नावाचा आणि कुमारी गटातील खेळाडूला जानकी पुरस्कार देण्याची पद्धत आहे. सांघिक खेळातील वैयक्तिक गुणवत्ता ओळखण्याची सोय खेळाच्या संघटनेनेच करून ठेवलेली असताना शाळेने ती न वापरणे हे अज्ञानाचे लक्षण म्हणावे लागते.

या वादात सर्वांत वजनदार पुरावा मात्र केंद्र सरकारच्या कृतीतून मिळतो. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. १९७० पासून तो खो-खोच्या खेळाडूंनाही मिळू लागला, आणि १९७० ते १९८५ या काळातील मानकऱ्यांत महिला अनेक आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्याही नावावर परदेशातील स्पर्धा असणे शक्य नव्हते, कारण तशी स्पर्धा भरतच नव्हती. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कारही खो-खोपटूंना वेळोवेळी मिळाला आहे. म्हणजे देशाच्या सर्वोच्च क्रीडा पुरस्कारांपैकी एकास पात्र ठरलेली खेळाडू आपल्याच शाळेच्या भिंतीवर, निकषाच्या शब्दांप्रमाणे, अपात्र ठरते. पुढे दिल्लीतील वारेही फिरले. ऑलिंपिक, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धांतील पदकांना वाढते महत्त्व आले आणि खो-खोमध्ये १९९८ नंतरचा अर्जुन पुरस्कार थेट २०२० मध्ये, तेव्हाच्या उस्मानाबादच्या महिला खेळाडूला मिळाला. शाळांचे निकष याच बावीस वर्षांच्या वातावरणाची छाया घेऊन आले असावेत, असे मानण्यास जागा आहे.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे पहिली विश्वचषक खो-खो स्पर्धा झाली. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असे हरवले, आणि या संघाचे नेतृत्वही महाराष्ट्राच्या खेळाडूने केले. आता खो-खोपटूही ‘आंतरराष्ट्रीय’ झाल्या, तेव्हा जुना निकष बदलण्याचे कारण उरले नाही, असे यावर म्हटले जाते. प्रत्यक्षात यामुळे तेढ वाढते. आजच्या मॅटवर, प्रकाशझोतात खेळणाऱ्या मुलीचे नाव फलकावर लागेल आणि तिला सूर मारायला शिकवणारी, स्वतः मातीवर खेळलेली बाई त्याच फलकाखाली उभी राहून टाळ्या वाजवील, अशी स्थिती त्यातून निर्माण होते.

निकष ठरला तरी दोन व्यावहारिक गुंते उरतात. पहिला, शाळेचा हक्क कोणावर हा. राज्य शासनाच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीत निवड झालेली मुलगी प्राथमिक वर्गांतच गाव सोडते आणि दहावीची परीक्षा दुसऱ्याच शाळेतून देते. तिच्या पहिल्या शाळेकडे शाळा सोडल्याच्या दाखल्याची नोंद असते, दुसरीकडे दहावीचा निकाल असतो, आणि पदक आल्यावर दोन्हीकडे अभिनंदनाचे फलक झळकतात. शाळेत किमान तीन वर्षे शिकलेली असावी एवढी अट पुरेशी ठरावी; दोन शाळांनी एकाच मुलीचा गौरव केल्याने कोणाचेच नुकसान होत नाही.

दुसरा गुंता नावाचा आहे आणि तो मुलांच्या शाळांना ठाऊकही नसतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, माहेरचे नाव, पुरस्काराच्या यादीत कधी माहेरचे तर कधी सासरचे, आणि निमंत्रणपत्रिका पाठवायची ती सध्याच्या नावाने. लग्नानंतर ज्यांचा खेळ सुटला त्यांची क्रीडाप्रमाणपत्रे जुन्याच नावाची राहिली आहेत, आणि ज्या पुढेही खेळत राहिल्या त्यांची कामगिरी दोन नावांत विभागली गेली आहे. फलकावर माहेरचे नाव प्रथम लिहून पुढे सध्याचे नाव जोडण्याची रीत सोयीची आहे, कारण वर्गमैत्रिणी तिला त्याच नावाने ओळखतात आणि रजिस्टरशी पडताळणीही होते.

निकषात दुरुस्ती करायची तर ती पुढील काळापुरती की मागील काळालाही लागू, हे शाळेच्या ठरावातच लिहावे लागते. पुढील काळापुरती केली तर खो-खोतील पहिले नाव २०१६ किंवा २०२५ चे लागण्याचा संभव अधिक. मागील काळाला लागू केली तर राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतील राज्य संघाचे प्रमाणपत्र हा पुरावा मानावा लागेल. ते गहाळ झाले असल्यास त्या वर्षीचे शाळेचे वार्षिक नियतकालिक, संघाचे छायाचित्र आणि वर्तमानपत्रातील कात्रण यांवर विश्वास ठेवावा लागेल. १९६० च्या दशकातील खेळाडू आज सत्तरीच्या पुढे आहेत, म्हणून ही कागदपत्रे गोळा करण्याचे काम ठरावाची वाट न पाहता सुरू करणे इष्ट आहे.